बावीस सेकंदांवरचं गाव

शहनाजने सकाळपासून काउंटरची काच तीनदा पुसली होती, तरी चौथ्यांदा पुसली. जळगावात फुले मार्केटच्या मागच्या बोळात तिचं दुकान, एवढंसं, की एक गिऱ्हाईक बसलं तर दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. बारा वर्षं ती इथे बसून होती. सेल बदल, पट्टा बदल, भिंतीवरच्या घड्याळाची धूळ झटक. अब्बांनी तिला चावीची घड्याळं शिकवली होती, चाकाला चाक कसं दात देतं, स्प्रिंगचा जीव कुठे अडकतो, सगळं. पण अब्बांचे हात कापायला लागले आणि ते घरी बसले, आणि चावीची घड्याळंही त्यांच्या मागोमाग घरी जाऊन बसली. हातात विद्या होती, पण तिला काम नव्हतं. दळणच नाही म्हटल्यावर जातं काय गाणार!

आणि आज दोन घड्याळं येणार होती. अशी, की जी तिने फक्त मोबाईलवर, जेवता जेवता, घास हातात तसाच ठेवून पाहिली होती.

नवलने फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. नवल मूळ चोपड्याचा, पुण्यातल्या एका मोठ्या घड्याळाच्या पेढीत नोकरीला. "ताई, धुळ्याचे एक आबा आहेत, कापसाच्या जिनिंगवाले. दोन घड्याळं पसंतीवर नेलीत. एक ठेवणार, एक परत देणार. पण आता म्हणतात दोन्ही बिघडलीत. परदेशी पाठवली तर सात-आठ महिने जातात. आमच्या पेढीला खानदेशात एक हात पाहिजे. तीन दुकानांत विचारलं, तिघांनी तुमचंच नाव घेतलं. नियम एकच. माझ्यासमोर एक काम करून दाखवायचं. झाकण उघडायचं, दोष काढायचा, झाकण लावायचं. जमलं की ही घड्याळं उघडायचा परवाना तुमचा."

झाकण उघडायचं. शहनाजच्या कानात बाकी काही शिरलंच नव्हतं.

साडेअकराच्या पुढे बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे नवल, छातीशी दोन डबे धरून, जणू तान्ही जुळी आणतोय. मागे झुलाल आबा, सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात वही. आणि त्यांच्या मागे पदर सावरत त्यांची बायको, वच्छलाबाई.

"हाईच का ती घड्यायवाली पोर?" आबांनी दारातूनच विचारलं. "देख बेटा, मी दोन म्हयने हाई दोन्हीस्ना मांगे लागेल शे. बठ्ठं लिखी ठेयेल शे वहीमा. दोन्ही येडे शेत."

"घड्यायं नहीत येडी," वच्छलाबाई पायरीवरच बसत म्हणाल्या. "घरमा एकच जन येडं शे. चहा प्याले बलाव तं म्हनतस, थांब, सूर्य येवानी वाट दखी ऱ्हायनू."

शहनाज हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी नवलला खूण केली आणि नवलने पहिला डबा उघडला.

पहिलं घड्याळ सडपातळ, चांदीच्या रंगाचं, तबकडीवर आकडेसुद्धा नाहीत. एखाद्या अबोल माणसासारखं. पण त्याच्या कुशीला एक बारीक कळ होती, आणि ती सरकवली की ते बोलायचं. वेळ दाखवायचं नाही, वाजवायचं. आतल्या दोन बारीक तारांवर दोन इवले हातोडे पडायचे आणि अंधारातल्या माणसालाही कळायचं किती वाजले.

"वाजाड," आबा म्हणाले. "आते किती व्हयनात?"

शहनाजने भिंतीकडे पाहिलं. "पावणेबारा. दोन मिनिटं वर."

"पावणेबारा. बराबर? आते ऐक."

तिने कळ सरकवली. कोपर काचेवर घट्ट टेकवलं होतं. आणि ते चिमुकलं यंत्र गाऊ लागलं. आधी खर्जातले ठोके, संथ, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखे. मग जोडीजोडीने उंच-खाली. मग शेवटी दोन अगदी बारीक. आणि शांत. तिच्या अंगावर काटा आला. बोळातला रिक्षाचा आवाज, शेजारच्या कपड्याच्या दुकानातली गाणी, सगळं जणू बाजूला होऊन त्या आवाजाला वाट देत होतं.

"मोजले?" आबांनी वही उघडली. "खर्जना अकरा! पावणेबाराले हाई अकरा वाजाडस. एक दिन नही, रोज. हाऊ दखा हिशोब. सव्वानऊ, पास. साडेनऊ, पास. पावणेदहा, नापास. सव्वादहा, पास. पावणेअकरा, नापास. फक्त पावणेलेच घसरस!"

नवलने ओशाळून शहनाजकडे पाहिलं. "मी पुण्याला कळवलंय, ताई. ते म्हणाले असं होऊच शकत नाही. पण आबांची वही..."

एखादा दात झिजलेला असणार, एखादी पायरी चुकत असणार. म्हणजे झाकण उघडायचं! तिची बोटं आपोआप झाकण उघडायच्या चावीकडे गेली आणि मध्येच थांबली. बिघडलेलं चाक फक्त पावणेलाच कसं चुकेल? लोखंडाला काय ठाऊक पावणे म्हणजे काय?

"अक्का," ती वच्छलाबाईंना म्हणाली, "तुम्ही ऐका बरं एकदा. आकडे सोडा. नुसता ताल सांगा."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. शहनाजने पुन्हा कळ सरकवली. म्हातारीचा हात गुडघ्यावर पडू लागला, टिपरी खेळताना पडतो तसा.

"अकरा जाडा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मंग तीन जोड्या. मंग तीन बारीक."

"मघाशी बारीक दोन होते, आता तीन. कारण एक मिनिट उलटलं," शहनाज म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "आबा, जाड ठोका तासाचा, जोडी पाव तासाची, बारीक मिनिटाचा. अकरा तास, तीन पाव, तीन मिनिटं. अकरा अठ्ठेचाळीस! बरोबर आहे ते!"

"पन पावणेबारा..."

"पावणेबारा आपण म्हणतो, आबा. बारा अजून यायचे असतात, तरी आपण त्यांना आधीच हाक मारून मोकळे होतो. घड्याळ तसं नाही करत. जे होऊन गेलं तेवढंच ते मोजतं. सव्वाला, साडेला आपण दोघं एकाच बाजूने मोजतो, म्हणून पास. पावणेला तुम्ही पुढच्या तासाकडून येता आणि ते मागच्या तासाकडून. मध्येच तुमची चुकामूक होते."

आबा वहीकडे बघत राहिले. दोन महिन्यांची पास-नापास.

"दोन म्हयने," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन म्हयने बिचाऱ्या घड्यायले नापास करी ऱ्हायनात हाई मास्तर." आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की पायरीवरून घसरता घसरता राहिल्या. नवलने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

आबांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "ठीक शे. ते शहाणं निंघनं. पन दुसरं ते येडंच शे. तठे पावणे-बिवणे काही नही. तठे सूर्य शे."

शहनाजने चावी जागेवर ठेवली. हातातला घास गेल्यासारखं वाटलं, पण दुसरा डबा अजून उघडायचा होता.

नवलने तो उघडला आणि ती जरा मागेच सरली. निळी तबकडी, रात्र होण्याआधीच्या आभाळासारखी. तिच्यावर मिनिटांचे दोन काटे. एक पोलादाचा, साधा. दुसरा सोन्याचा, आणि त्याच्या टोकाला एवढासा सूर्य.

"साऱ्या देशाचे बारा एकदम वाजतात," नवल सांगू लागला, "पण सूर्य काही साऱ्या देशाच्या डोक्यावर एकदम येत नाही. तो पूर्वेकडून गावं घेत घेत येतो. शिवाय वर्षभर त्याची चाल सारखी नसते, कधी रेंगाळतो, कधी घाई करतो. पोलादी काटा आपली रोजची वेळ दाखवतो. सोन्याचा काटा दाखवतो सूर्याची, तुमच्या जागेवरची. तो बारावर आला की सूर्य बरोबर माथ्यावर."

"यालेच म्हने साऱ्या दुनियामा तोड नही," आबा म्हणाले. "मी पारखी दखं. जिनिंगना आंगनमा दोरीवरी वर्तुळ काढं, उत्तर-दक्षिण रेघ मारी, वजन बांधीसन वरतून सूत सोडं. सुतनी सावली रेघवर उनी का सूर्य माथावर. वीस दिन दखं, बेटा! सोनाना काटा बारावर येस, आनि सावली? सावली तीन मिनिट मांगेच. रोज तीन. हाई तीन मिनिट पुढे पयस."

वीस दिवस. रोज तीन. शहनाजने मनातल्या मनात आबांना सलाम केला. इतकी सरळ पारख मोठमोठ्या कारागिरांनाही सुचली नसती. आणि तीन मिनिटं म्हणजे खरोखरचा दोष! नवलने लगेच पिशवीतून कागद काढला. वर छापलेलं होतं, 'दोष', आणि त्याखाली त्याने सुंदर अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं, 'सूर्यकाटा तीन मिनिटे पुढे'. खाली रेघ, तिच्या सहीसाठी.

"सही करा ताई, आणि उघडा. माझ्या अंदाजाने तासाभराचं काम आहे."

पेन तिच्या हातात आलं. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पोलादी झाकण तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"आधी एकदा बघू दे," ती म्हणाली. "बारा वाजून गेलेत. सोनेरी काटा बारावर येईल तेव्हा बघू."

मग चौघंही वाट पाहत बसले. चहा आला, प्याला गेला. ऊन पायरीवरून आत सरकलं. पोलादी काटा चाळीसच्या पुढे गेला, आणि सोन्याचा सूर्य हळूहळू चढत शिखरावर टेकला. शहनाजने पोलादी काट्याकडे पाहिलं. बारा बेचाळीस.

तिची नजर आपोआप भिंतीकडे वळली. तिथे नमाजच्या वेळांचा तक्ता लावलेला होता, वर्षानुवर्षं, जुना फाटला की नवा. अब्बा अजूनही दर रमजानच्या आधी स्वतः आणून द्यायचे. आजची तारीख, आणि पुढे जवालची वेळ, म्हणजे सूर्य माथ्यावर येऊन कलतो तो क्षण. बारा बेचाळीस.

या अल्लाह. बरोबर. मिनिटालाही चूक नाही.

ती उठून तक्त्याजवळ गेली. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, जे तिने हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं: 'ही वेळ जळगाव शहराची. धुळे, तीन मिनिटे जास्त. बोदवड, दोन मिनिटे कमी.'

तीन मिनिटे जास्त.

तिला एकदम सगळं दिसलं. घड्याळ पुढे पळत नव्हतं. ते जळगावचा सूर्य मनगटावर बांधून धुळ्यात फिरत होतं. आणि ते फक्त तिलाच दिसलं होतं. नवल मोबाईल बघत होता, आबा चहाचा कप शोधत होते. पेन हातात होतं. सही केली असती तर? झाकण उघडलं असतं, काटा तीन मिनिटं मागे सरकवला असता, धुळ्यात सावली रेघेवर आली असती, आबा खूश, नवल खूश, परवाना तिचा. कोणाचंही काही गेलं नसतं. फक्त ज्या कोणा दूरच्या कारागिराने हे निर्दोष घडवलं होतं, त्याच्या नावावर तिच्या अक्षरात एक खोटा दोष लागला असता.

पेनचं टोपण तिने लावलं. टक्. त्या दोन तारांवरच्या ठोक्यांपेक्षाही तो आवाज तिला मोठा वाटला.

"नवलभाऊ, हे बिघडलेलं नाही. हे जळगावकडच्या सूर्यावर जुळवलेलं आहे. सूर्य इथून धुळ्याला पोचायला तीन मिनिटं लागतात. तक्त्यावर लिहिलंय, बघा. आबांची सावली खरी आणि घड्याळही खरं."

"जळगावकडच्या?" नवल उभाच राहिला. "पण मी तर कंपनीला आबांनी सांगितलेल्या गावावरूनच... आबा, मी तुम्हाला फोनवर काय विचारलं होतं?"

"तू म्हनना, आबा, गाव कोनतं? मी सांगं, नशिराबाद."

"राहता धुळ्यात ना!"

"ऱ्हास धुयाले," आबा म्हणाले, जणू पोराला अक्षरओळख करून देताहेत. "पंचेचाळीस वरीस व्हयनात. पन तू गाव इचारं. गाव म्हनजे नशिराबाद. मना बापनं, मना आजानं. कोठे ऱ्हातस म्हनी इचारतास तं धुये सांगतू."

नवलने कपाळाला हात लावला. नशिराबाद म्हणजे जळगावच्या शेजारचं गाव. तोही चोपड्याचाच. पुण्यात सात वर्षं राहून कोणी गाव विचारलं तर चोपडाच सांगायचा. चूक कोणाची म्हणायची?

वच्छलाबाई मात्र भलत्याच ठिकाणी अडकल्या होत्या. "बोदवडले दोन मिनिट कमी, म्हनजे? मना माहेरले ऊन आधी पोचस?"

"हो अक्का. धुळ्याच्या आधी पाच मिनिटं."

म्हातारीचा हात पुन्हा गुडघ्यावर पडू लागला आणि ती स्वतःशीच, अगदी हळू, तिथल्या तिथे जुळवत म्हणाली,

"माहेरना आंगनमा सूर्य पहिला उतरस,
माय मनी दखीसन मंग धुयाले निंघस."

शहनाजचे डोळे उगाच भरून आले. तिने भिंगाची काच पुसली.

"मग आता धुळ्यावर जुळवून देता ना ताई?" नवल उत्साहाने म्हणाला. "दोष नाही तर नाही. जुळवणीसाठीही झाकण उघडता येतं. कागदावर तशी जागा आहे. तेही काम धरतात!"

शहनाजचं मन पुन्हा उसळून वर आलं. पण आबा त्या निळ्या तबकडीकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"नही रे भाऊ. ऱ्हाऊ दे. धुयाना सूर्य रोजच दखास डोकावर. हाऊ मना गावना सूर्य शे. मनगटवर मना गाव बारा वाजाडस, आनि मी धुयामा तीन मिनिट आधीच घर जाई येस. हाईच ठेवसू मी. ते गानारं परत ली जाय."

झालं. दोन घड्याळांतलं एक निवडलं गेलं, दोन्ही शहाणी ठरली, आणि शहनाजच्या हाताला काहीच लागलं नाही. नवलने कागदाची घडी घातली. "ताई, तुम्ही आज जे केलंत ते पुण्यात कोणाला जमलं नसतं. पण नियम... काम दाखवल्याशिवाय परवाना देत नाहीत. मी शब्द टाकून बघतो."

"असू दे, नवलभाऊ," ती म्हणाली. पेन तिने त्याच्यापुढे सरकवलं.

नवल डब्याची पट्टी लावता लावता सहज म्हणाला, "आणि आबा, नशिराबाद काही कंपनीच्या यादीत नव्हतं. म्हणून मी जवळचं जळगाव टाकलं. एकच झालं."

आबांचा हात हवेतच थांबला.

"काय टाकं?"

"जळगाव. नशिराबादला लागूनच तर..."

"एकच व्हयनं?" आबा उभे राहिले. एवढ्याशा दुकानात ते एकदम फार उंच दिसले. "नशिराबाद आनि जयगाव एकच? तू चोपडाना ना रे? तुले कोनी शेजारना यावलना म्हनं तं चालई का? मी आते मना गावना सूर्य म्हनी गयामा गया घालनू, आनि तो निंघना जयगावना!"

"आबा, दहा किलोमीटर..."

"बेटा!" आबा शहनाजकडे वळले. "तू सांग. दहा किलोमीटर चालाले सूर्यले किती टाईम लागस?"

शहनाजने कागद ओढला. मोबाईलवर दोन्ही गावांचे रेखांश पाहिले, वजाबाकी केली, एका अंशाला चार मिनिटं म्हणून चारने गुणलं. पुन्हा केलं. परवाना पुन्हा हाताशी आला होता, पण खोटं तिला आताही बोलायचं नव्हतं.

"साधारण बावीस सेकंद, आबा. नशिराबाद पूर्वेला, म्हणून तिथे बावीस सेकंद आधी. पण खरं सांगते, ते डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. काटा केसभर सरकेल. कोणाला कळणार नाही."

"माले कयई," आबा म्हणाले. "सूर्य मना वेशीबाहेर बावीस सेकंद उभा ठेवतस का तुमी? उघड ते. जुयाड. नवल, तुना कागदवर कोठे जागा शे, तठे लिख."

"बावीस सेकंद लिहू?" नवलने विचारलं, आणि आता त्याला हसू आवरेना. "पुण्याचे लोक म्हणतील खानदेश वेडा आहे."

"लिख, खानदेश बराबर शे," वच्छलाबाई पायरीवरून म्हणाल्या.

शहनाजने पंखा बंद केला. दाराची काच ओढली. बोटं धुतली, पुसली, फुंकून वाळवली. घड्याळ उशीवर पालथं ठेवलं, चावी बसवली आणि अब्बांनी शिकवलं होतं तसं, श्वास सोडता सोडता फिरवली. झाकण चुपचाप सुटलं.

भिंगातून ती आत उतरली. आणि काय सांगावं! सोनेरी चाकांवर लाल माणकं, भाकरीच्या पिठावर डाळिंबाचे दाणे सांडावेत तशी. काळजाचं चक्र इकडून तिकडे, तिकडून इकडे, न थकता झोके घेत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी आत, घेवड्याच्या बीच्या आकाराचं एक चाक. ते फिरताना दिसतही नव्हतं. वर्षाला एकदाच फिरायचं ते, आणि त्याच्या वळणावळणावरून सूर्याचं रेंगाळणं, सूर्याची घाई त्या इवल्या काट्यापर्यंत पोचायची. कोणीतरी आख्खं वर्ष कापून, घासून, एका बीमध्ये बसवलं होतं.

तिने सर्वांत बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला. जुळवणीचा स्क्रू शोधला. केसभर. त्याहूनही कमी. चिमट्याने काट्याची नळी धरली, सरकवली, स्क्रू पुन्हा आवळला. घड्याळ उलटून भिंगाखाली तबकडीवरच्या मिनिटांच्या रेघा मोजल्या. बावीस सेकंद.

"पोचना का?" आबांनी श्वास रोखून विचारलं.

"पोचला, आबा. वेशीच्या आत."

आबा खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नवलने कागद सपाट केला, पेन उघडलं. "ताई, परवान्यावर पूर्ण नाव काय लिहू? वडिलांचं नाव घालायचं ना? आता झाकण लावा, म्हणजे मी शिक्का..."

शहनाजने घड्याळ पुन्हा पालथं केलं होतं. भिंग डोळ्याला तसंच होतं. तिने एक बोट वर केलं.

"जरा थांबा नवलभाऊ," ती म्हणाली. "अजून माझं बघून झालं नाही."